संशयाचा फायदा कुणाला?

ब्राझीलने आपली नवी राजधानी 1960 साली देशाच्या पोटात, सेराडो नावाच्या अफाट माळरानात वसवली. तिथल्या चुनखडीच्या गुहांत त्याच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला असलेल्या एका वटवाघळाला नाव मिळायला मात्र 1983 साल उजाडलं. तादेई, विझोट्टो आणि साझिमा या तीन प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं: लोंकोफिला डेकेसेरी. सरकारी कागदांतलं त्याचं पोर्तुगीज नाव जरा लडिवाळ आहे, 'मोर्सेगिन्यो दो सेराडो', म्हणजे सेराडोतलं छोटुकलं वटवाघूळ. वजन दहा-बारा ग्रॅम. मोठा चमचाभर साखर घ्या, झालं एक वटवाघूळ.

त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे आणि पुढे थोडं करणारही आहे. पण लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या माणसालाही आपल्याकडे एक गोष्ट पाठ असते: संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. या वटवाघळाच्या खटल्यात तो फायदा वर्षानुवर्षं सुरुंग लावणाऱ्याला मिळत आला. गुहेत कोण राहतं हे नक्की ठाऊक नाही? मग उडवा. अमुक जात धोक्यात आहे की नाही हे ठरलेलं नाही? मग द्या परवाना. माहिती नसणं हीच जणू परवानगी. हा हिशेब उलटा व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आधी या प्राण्याकडे जरा जवळून बघू. तोंड लांबट, पुढे निमुळतं होत गेलेलं. नाकावर भाल्याच्या पात्यासारखी त्वचेची एक छोटी उभी पाकळी. आणि खरी गंमत जिभेत. फुलातला मध पिणारी बहुतेक वटवाघळं मांजरासारखी लपालपा चाटतात: जीभ आत, जीभ बाहेर. लोंकोफिलाच्या कुळातल्या जिभेला दोन्ही कडांनी पन्हळीसारखी खाच असते. याच कुळातल्या एका मोठ्या भावावर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवान कॅमेऱ्यात असं दिसलं की वटवाघूळ फुलाशी तरंगत असतं तेवढा वेळ जीभ मधात बुडवलेलीच राहते आणि मध त्या खाचांतून वर चढत थेट तोंडात जातो. पावसाळ्यात छपराच्या पन्हळीतून पाणी उताराने खाली येतं, इथे ते चढावर जातं. सेराडोतल्या या छोटुकल्याच्या आहारात मध आणि परागाच्या जोडीला फळं आणि किडेही असतात. दिवसभर गुहेत लटकायचं आणि अंधार पडला की फुलं धुंडाळायची, असा हा साधा संसार.

आता फिर्याद. ती त्याच्याविरुद्ध नाहीच, भलत्याच्याच विरुद्ध आहे.

ब्राझीलमध्ये वटवाघळांच्या सुमारे 180 जाती आहेत. त्यांतल्या रक्त पिणाऱ्या तीन. त्या तिघांतल्याही दोघांची भिस्त मुख्यतः पक्ष्यांवर. उरलं एक, डेस्मोडस. जनावरांच्या गोठ्याशी आणि कुरणाशी वैर आहे ते याचं. ते गाईजवळ जमिनीवर उतरतं, अंगठ्यांच्या आधाराने चार पायांचं असल्यासारखं चालत जवळ येतं, कातडीखालची ऊबदार शीर नाकाने हेरतं आणि वस्तऱ्यासारख्या दातांनी चिमूटभर कातडी उडवून रक्त चाटतं. एका रात्रीत साधारण दोन मोठे चमचे. एवढ्याने गाय मरत नाही, रेबीजने मरते. 1911 मध्ये आंतोनियो कारिनी या साओ पावलोतल्या शास्त्रज्ञाने सांता कातारिना प्रांतातल्या गुरांच्या साथीचा संबंध वटवाघळांशी जोडला, तेव्हा भल्याभल्यांना ते पटलं नव्हतं. पुढे तेच खरं ठरलं.

आणि ही गुरं कुणाची? इथे आपलाही धागा लागतो. ब्राझीलच्या 20 कोटींहून जास्त गुरांत बहुसंख्य वशिंडवाली आहेत, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात भारतातून नेलेल्या वळूंची आणि गाईंची वंशावळ. ओंगोलची तिथे झाली नेलोर, कांकरेजची गुझेरा, गीर मात्र गीरच राहिली. युरोपातल्या गुरांना तिथलं ऊन आणि गोचिडी झेपेनात, आपल्या गुरांना झेपल्या. जंगलं आणि माळरानं तोडून कुरणं झाली, कुरणांवर गुरं आली आणि रक्त पिणाऱ्या त्या एका जातीला आयतं ताट वाढून मिळालं. म्हणजे डेस्मोडस माजला असेल तर तो माणसाने माजवला.

गुरं मरायला लागली तशी माणसं गुहांकडे वळली. वटवाघळं दिसतात ना आत? मग ती हीच. धूर, विष, आग, आणि सर्वांत सोपं म्हणजे डायनामाइट. लॅटिन अमेरिकेत अनेक देशांत हे झालं, ब्राझीलमध्येही झालं. एका गुहेत अनेकदा पाच-सात जाती वेगवेगळ्या कोपऱ्यांत लटकलेल्या असतात: फळं खाणारी, किडे टिपणारी, मध पिणारी. स्फोटाला त्यांतला फरक कळत नाही. रेबीजवरचा उपाय म्हणून ज्यांनी आयुष्यात कधी गाय बघितली नसेल अशी वटवाघळं ढिगाऱ्याखाली गेली. आज कायद्याने हे बंद आहे आणि डेस्मोडसला आवरण्याचं काम सरकारी पशुवैद्यक पथकांचं मानलं जातं. पण राजधानीपासून लांबच्या एखाद्या रांगड्या पशुपालकाला रात्री गुहेच्या तोंडाशी जाऊन काही करायचं असेल तर त्याला अडवायला तिथे कोण बसलंय?

त्या पशुपालकाला मी खलनायक ठरवत नाही. ज्याच्याकडे आठ-दहा गाई आहेत त्याच्या दोन मेल्या तर वर्ष बुडालं. आणि प्रश्न फक्त गुरांचा नाही. 2004 आणि 2005 या दोन वर्षांत पारा आणि मारान्याव प्रांतांतल्या आडबाजूच्या वस्त्यांमध्ये वटवाघळांच्या चाव्याने रेबीज होऊन 40 हून जास्त माणसं दगावली, त्यांत पोरंही होती. रेबीजची लक्षणं दिसू लागली की डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही. भिंतींना फटी असलेल्या घरात झोपलेल्या मुलाच्या पायाला रात्री काय चावून गेलं, या भीतीपुढे मध पिणाऱ्या जिभेचं कौतुक कुणी ऐकून घेणार नाही, आणि का ऐकावं?

म्हणूनच विचारायचं ते एवढंच की मारल्याने रेबीज थांबतो का. याचं बऱ्यापैकी ठोस उत्तर शेजारच्या पेरूमधून आलं आहे. डॅनियल स्ट्राइकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या डेस्मोडसच्या वसाहतींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2012 च्या त्यांच्या अभ्यासात, अधूनमधून वटवाघळं मारल्याने त्यांच्यातला रेबीजचा वावर कमी झाल्याचं दिसलं नाही. 2023 मध्ये आलेला निष्कर्ष आणखी नेमका होता: साथ पोचण्याआधीच वटवाघळं कमी केली तर प्रसार थोडा आवरतो, पण विषाणू आधीच फिरत असेल तिथे मारामारी केली तर तो उलट वेगाने पसरतो. वसाहत विस्कटली की वाचलेली वटवाघळं इकडेतिकडे पांगत असावीत आणि आजार सोबत नेत असावीत. आणि माणूस बंदूक उचलतो कधी? गाई मेल्यावर. म्हणजे नेमकं जेव्हा मारू नये तेव्हा.

गुरांना लस टोचणं हा कंटाळवाणा उपाय आहे, पण तोच चालतो. त्याच्या जोडीला एक लेपही वापरतात. रक्त गोठू न देणारं औषध मलमात कालवून पकडलेल्या डेस्मोडसच्या पाठीला चोपडतात आणि त्याला सोडून देतात. घरी गेल्यावर सोबती त्याचं अंग चाटून साफ करतात आणि मरतात. हा प्राणी उपाशी सोबत्याला स्वतःच्या पोटातलं रक्त ओकून भरवतो, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी 1984 मध्ये कोस्टा रिकात दाखवून दिलं होतं. म्हणजे ते मलम त्यांच्या आपसातल्या मायेवरच पसरतं. मला हे वाचताना बरं वाटत नाही. तरी सुरुंगापेक्षा शतपटीने बरं, हे कबूल केलं पाहिजे, कारण मलम लावण्याआधी कुणीतरी ते वटवाघूळ हातात धरून त्याचं तोंड बघतो. डेस्मोडसचं नाक चपटं, खालच्या ओठाला मधोमध चीर. मध पिणाऱ्याचं तोंड लांब, नाकावर पाकळी. टॉर्चच्या उजेडात हे कळायला अर्धं मिनिट लागतं.

त्या अर्ध्या मिनिटाची सोय कायद्यात कुठे आहे ते शोधत गेलं की छोटुकल्याचा दुसरा, जास्त सभ्य पोशाखातला शत्रू भेटतो. चुनखडी म्हणजे सिमेंट. ब्राझीलमध्ये 20 हजारांहून जास्त गुहांची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या कित्येक चुनखडीत किंवा लोहखनिजात आहेत, म्हणजे विकाऊ दगडात.

1988 च्या राज्यघटनेने गुहा केंद्र सरकारच्या मालकीच्या ठरवल्या. 1990 च्या हुकुमाने सगळ्याच गुहांना संरक्षण दिलं. 2008 मध्ये त्यात फट पडली. गुहांची चार श्रेणींत वर्गवारी सुरू झाली: सर्वोच्च, उच्च, मध्यम, कनिष्ठ. सर्वोच्च श्रेणीच्या गुहेला हात लावायचा नाही. उच्च श्रेणीची पाडायची असेल तर तशाच दुसऱ्या दोन कायमच्या राखून ठेवायच्या. त्या दोघींना कायद्यात शब्द आहे 'तेस्तेमुन्यो', म्हणजे साक्षीदार. खालच्या श्रेणींच्या गुहा त्याहूनही स्वस्त.

सर्वोच्च श्रेणी मिळण्याच्या निकषांत एक असा आहे: अधिकृत यादीत धोक्यात म्हणून नोंदवलेल्या प्राण्याच्या टिकाऊ संख्येसाठी ती गुहा अत्यावश्यक निवारा असली पाहिजे. वाचताना चांगलं वाटतं. पण 'अधिकृत यादीत' या दोन शब्दांपाशी थांबा. यादीत नाव यायचं तर आधी त्या जातीला नाव हवं. मग तिची संख्या किती, घटतेय का, कुठे कुठे आढळते, हे कुणीतरी मोजलेलं हवं. मोजलं नसेल तर तिच्या नावापुढे शेरा पडतो 'अपुरी माहिती', आणि या निकषाच्या लेखी अपुरी माहिती म्हणजे धोका नाही.

आमच्या छोटुकल्याचं नशीब थोरच म्हणायचं. तो राजधानीच्या दाराशी राहतो. ब्राझीलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा आहार आणि दिनक्रम अभ्यासला, तो राष्ट्रीय यादीत गेला आणि 2010 मध्ये, जंगलासाठी लढलेल्या चिको मेंडेस यांच्या नावाच्या, जैवविविधता जपणाऱ्या सरकारी संस्थेने खास त्याच्यासाठी संवर्धन आराखडाही काढला. दहा-बारा ग्रॅमच्या वटवाघळासाठी सरकारी आराखडा! हे श्रेय ब्राझीलला दिलंच पाहिजे. पण त्याच्या चुलतभावंडांचं काय? 2013 मध्ये रिओच्या बाजूच्या अटलांटिक जंगलपट्ट्यातलं एक लोंकोफिला वेगळ्या जातीचं निघालं. 2015 मध्ये ईशान्येच्या काटेरी झुडपांच्या मुलखातलं आणखी एक. या दुसऱ्याचे नमुने संग्रहालयाच्या खणांत आधीच पडून होते, दुसऱ्याच जातीच्या नावाची चिठ्ठी बांधून. 2014 मध्ये त्याच्या गुहेची श्रेणी ठरवायला बसलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा प्राणी जगात अस्तित्वातच नव्हता. जे अस्तित्वात नाही ते धोक्यात कसं असेल?

यावर खाणवाल्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. सगळं कळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर एकही खाण उघडणार नाही, कारण सगळं कधीच कळत नसतं. खरं आहे. मीही सिमेंटच्याच घरात बसून हे लिहितोय. पण 'सगळं कळणं' आणि 'काहीच न बघणं' यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. कोरड्या ऋतूतल्या काही रात्री आणि पावसाळ्यातल्या काही रात्री गुहेच्या तोंडाशी केसासारखं बारीक जाळं लावायचं. अडकलेलं प्रत्येक वटवाघूळ कापडी पिशवीत घालून वजन घ्यायचं, हाताच्या हाडाची लांबी मोजायची, कुठली मादी पोटुशी आहे ते लिहायचं, आणि सोडून द्यायचं. एका गुहेसाठी हे काम करायला दोन-तीन जाणकार माणसं पुरतात. खाणीच्या एका डंपरच्या किमतीत अशा किती गुहा बघून होतील याचा हिशेब कुणीही करावा. आणि ही पाहणी कुणाच्या पैशाने व्हावी, हा खरा मुद्दा. आज तिथे प्रकल्पवालाच सल्लागार नेमतो, त्याचे पैसे देतो आणि त्याचा अहवाल सरकारला सादर करतो. आपल्याला या व्यवस्थेची ओळख करून द्यायला नको. आरोपीचं वकीलपत्र फिर्यादीने ठरवायचं, असा तो मामला आहे.

जानेवारी 2022 मध्ये तर उरलेली भिंतही पाडण्याचा प्रयत्न झाला. अध्यक्ष बोल्सोनारो यांच्या सरकारने नवा हुकूम काढून सर्वोच्च श्रेणीच्या गुहांनाही धक्का लावायची वाट मोकळी केली, 'सार्वजनिक उपयोग' या सर्वसमावेशक शब्दाखाली. बारा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रिकार्दो लेवांदोव्स्की यांनी त्यातली कळीची कलमं स्थगित केली. गेलेली गुहा परत आणता येत नाही, हे ते जाणून होते. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी: शंका आहे ना, मग हात लावू नका. संशयाचा फायदा एकदाचा योग्य पक्षाला मिळाला.

वटवाघळांची बाजू घेणारे बहुतेक लोक मात्र दुसऱ्याच वाटेने जातात. ते उपयोग सांगतात. गोयास प्रांतात पेकी नावाचं फळ आहे. पिवळाधमक गर, वास इतका जबरी की शेजाऱ्याला कळतं आज काय शिजलंय. भातात शिजवतात. खाताना दात रोवायचा नाही, पुढच्या दातांनी हलकेच कुरतडायचं, कारण गराच्या आत सुईसारख्या बारीक काट्यांचा थर असतो आणि नवख्याच्या जिभेत ते घुसले की जेवण बाजूला राहतं. या झाडाची फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीकरण मुख्यतः मध पिणारी वटवाघळं करतात. तेव्हा वटवाघूळ वाचवा, पेकी वाचेल.

ऐकायला छान, पण या वाटेवर मी फार भरवसा ठेवत नाही. उद्या कुणी विचारलं की पेकीच्या शंभर फुलांतली किती या छोटुकल्याने फळवली, तर? त्या झाडावर इतर जातींची वटवाघळंही येतात. हा एक गेला तर पेकी उद्या संपणार नाही, कदाचित कधीच संपणार नाही. उपयोगावर उभी केलेली बाजू उपयोग सिद्ध न होताच कोसळते, आणि ज्याची माहितीच कमी त्याचा उपयोग सिद्ध होणं सगळ्यांत अवघड. पुन्हा अज्ञानाचा फटका त्यालाच.

आपल्या घरातला दाखला या बाबतीत शिकवण्यासारखा आहे, चांगला आणि वाईट दोन्ही अर्थांनी. 1972 च्या आपल्या वन्यजीव कायद्याने फळं खाणारी वटवाघळं उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवली होती. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली, पन्नास वर्षांनी. पण त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला, एक वटवाघूळ होतं: रॉटनचं ओटोमॉप्स. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून 1913 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि कित्येक दशकं जगाला त्याचा तेवढा एकच पत्ता ठाऊक होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. काही जण म्हणतील, बघा, उगाच घाबरलात. मी म्हणेन, बारापेडेची गुहा राहिली म्हणून पुढची माहिती मिळेपर्यंत थांबता आलं. आता ती भीमगड अभयारण्यात आहे.

सेराडोला एवढी दयामाया अजून मिळालेली नाही. अॅमेझॉनच्या जंगलातल्या जमीनमालकाला कायद्याने 80 टक्के जंगल राखावं लागतं, सेराडोच्या बहुतेक भागात फक्त 20. अॅमेझॉनचं नाव जगभर आहे, सेराडोचं नाही, आणि प्रसिद्धीचा हा फरक थेट टक्क्यांत उतरला आहे. सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरच्या या मुलखाचा जवळपास निम्मा भाग सोयाबीन, कुरणं आणि उसाखाली गेला. भारत बाहेरून जे सोयाबीन तेल आणतो त्यात ब्राझीलचा वाटा मोठा आहे, तेव्हा आपल्या कढईला या गोष्टीशी काही देणंघेणं नाही असं म्हणता येणार नाही. गुहा वाचवूनही भोवतीचा माळ नांगरला तर वटवाघूळ रात्री बाहेर पडून जाणार कुठे, हा प्रश्न उरतोच.

मागण्या मोठ्या नाहीत. गुहेची श्रेणी ठरवताना 'अपुरी माहिती' हा शेरा धोक्याच्या यादीइतकाच वजनदार धरावा, निदान कुणी आत जाऊन दोन ऋतू बघेपर्यंत. पाहणीचे पैसे खाणवाल्याने सरकारी खात्यात भरावेत आणि माणसं सरकारने नेमावीत. लसीची बाटली आडगावच्या गोठ्यापर्यंत थंड पोचेल याची सोय करावी, कारण गाय जगली की मालकाला गुहेकडे फिरकायचं कारण राहत नाही. आणि साक्षीदार म्हणून राखलेल्या त्या दोन गुहांच्या कागदांना, पाडल्या गेलेल्या तिसरीत कोण कोण लटकलेलं होतं त्याची नावनिशीवार यादी जोडावी. नाव नसेल तर वजन आणि हाडाची लांबी तरी. पुढेमागे कुणी खण उघडून बघेल.